‘नीट बोला’ हे कोणी कोणाला म्हणायचं?

वऱ्हाडातला माणूस शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : ‘तुम्ही लोक भांडल्यासारखं का बोलता?’ भांडत कोणीच नसतं. ‘काहून बे, जेवला नाई का अजून?’ हे अकोल्यात काळजीपोटी विचारतात. पण समोरच्याच्या कानाला त्यातला ‘बे’ आधी लागतो आणि काळजी पोचतच नाही.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा हसण्यावारी नेण्याचा विषय असतो. आपणही हसतो, हळूहळू ‘मले’चं ‘मला’ करून टाकतो, आणि घरी फोन लावला की पुन्हा मूळपदावर येतो. कोणाचं काही बिघडत नाही.

आता हाच प्रसंग वेगळ्या जागी कल्पून पाहा. आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव घातलाय. खुर्च्यांवर अधिकारी, सतरंजीवर गावकरी. एक बाई उठते आणि आवाज चढवून विचारते की माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी का आली नाही. खुर्चीवरून उत्तर येतं : ‘आधी नीट बोला.’ इथे कोणालाच हसू येणार नाही. कारण तिने विचारलेला प्रश्न बाजूला पडलेला असतो, आणि आता तिची वागणूक हा सभेचा विषय झालेला असतो.

मला या ‘नीट बोला’चा विचार करायचाय. लोकांच्या आरोग्यावर सभा भरते तेव्हा सभ्यपणाची जबाबदारी कोणाची? ज्याचं नुकसान झालंय त्याने राग आवरून बोलावं, ही अपेक्षा न्यायाची आहे का? आणि नसेल, तर सभा आणि राडा यांत फरक काय उरतो?

मांडवातली रीत

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात त्याचा प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे.

२००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवावं, अशी तरतूद त्यात होती. तिला मराठीत ‘लोकाधारित देखरेख’ असं नाव पडलं. २००७ मध्ये महाराष्ट्रात ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली : अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. सुरुवातीला राज्यभरातली मिळून २२५ गावं त्यात होती. अमरावतीत मेळघाटातली गावं होती. राज्यपातळीवर पुण्याची ‘साथी’ आणि मेळघाटात ‘खोज’ या संस्था हे काम पाहत होत्या.

रीत साधी होती. गावात बसून लोकांना विचारायचं : नर्सबाई येते का? लसीकरण होतं का? औषध केंद्रात मिळतं की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? दवाखान्यात कसं वागवतात? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही सिग्नल कळतो. मग केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या पातळीवर जनसुनवाई घ्यायची. लोकांनी सगळ्यांसमोर अनुभव सांगायचा आणि अधिकाऱ्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, उत्तर द्यायचं.

जनसुनवाईची कल्पना राजस्थानातून आली. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामावरच्या मजुरांच्या नोंदी आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. पुढे माहितीच्या अधिकाराची मागणी याच वाटेने उभी राहिली आणि २००५ मध्ये कायदा झाला. आरोग्यापुरतं बोलायचं तर २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जनस्वास्थ्य अभियान यांनी मिळून देशात ठिकठिकाणी सुनवाया घेतल्या. पश्चिम भारतासाठीची भोपाळला झाली.

महाराष्ट्रात पुढे याच कार्यक्रमाला ‘जनसंवाद’ असंही म्हटलं जाऊ लागलं. दोन्ही शब्द चांगलेच आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. संवादात दोघं बरोबरीने बसतात. तुम्ही थोडं सांगा, आम्ही थोडं सांगतो. सुनवाईत एकाने विचारायचं असतं आणि दुसऱ्यावर उत्तराची जबाबदारी असते. संवाद कानाला सौम्य लागतो. पण ज्या नात्यात एकाच्या हातात औषधाच्या खोलीची किल्ली आहे आणि दुसऱ्याच्या हातात केसपेपर, तिथे ‘आपण दोघं बरोबरीचे’ असं धरून चालणं मला सौजन्याचं वाटत नाही. त्यात एक गोष्ट झाकली जाते.

‘सभ्य’ म्हणजे सभेतला

‘सभ्य’ हा शब्द आपण हल्ली हळू बोलणाऱ्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाला लावतो. मुळात तो ‘सभा’ या शब्दापासून झालाय. सभ्य म्हणजे सभेत बसायला योग्य असलेला, सभेचा सदस्य. म्हणजे सभ्य असणं ही आधी एक जागा आहे, आणि त्या जागेबरोबर काम येतं.

ते काम काय, हे महाभारतात द्यूताच्या प्रसंगात विदुर सांगतो. द्रौपदीला सभेत ओढून आणलंय. तिने सभेला एक प्रश्न विचारलाय : स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा हक्क होता का? सगळे गप्प. भीष्मही गोलगोल बोलतो. तेव्हा विदुर सभेला सुनावतो, त्याचा आशय असा : पीडलेला माणूस जळत्या आगीसारखा सभेत येतो. सत्याने आणि धर्माने ती आग विझवणं हे सभ्यांचं काम आहे. माहीत असून जो उत्तर देत नाही, त्याच्या वाट्याला खोटं बोलण्याचं अर्धं पाप येतं.

यात काय नाही ते बघा. पीडलेल्याने आधी आग विझवून यावं, मग बोलावं, असं विदुर म्हणत नाही. द्रौपदी रागात आहे, रडते आहे, वडीलधाऱ्यांना थेट विचारते आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे सगळं मर्यादा सोडून होतं. पण विदुराच्या हिशेबात असभ्य ठरतात ते गप्प बसलेले.

म्हणजे आपल्याच परंपरेतल्या एका जुन्या शहाणपणाप्रमाणे सभ्यपणाची पहिली अट उत्तर देणाऱ्याला लागू होते. विचारणाऱ्याला अटी असतील, पण त्या दुसऱ्या नंबरावर.

गोड बोलून काही न होणं

याच्या उलटं चित्र मी अकोला जिल्ह्यातल्या, माझ्या आजोळच्या गावातल्या एका ग्रामसभेत पाहिलंय. उपकेंद्राला बरेच दिवस कुलूप होतं. एका काकांनी विचारलं, ‘साहेब, उपकेंद्राले कुलूप काहून हाये?’ उत्तर मिळालं, ‘काका, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. आपण वरिष्ठांना कळवू.’ काका म्हणाले, ‘बरं बापा.’ सभा पुढच्या विषयावर गेली. कोणाचा आवाज चढला नाही, कोणी कोणाला वाकडं बोललं नाही. पुढच्या सभेत तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच ‘बरं बापा’.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कोणी चूक दाखवली की तिकीट उघडतं. ते बंद कधी करायचं, याची एक चांगली पद्धत असते : ज्याने चूक दाखवली त्याने तपासून ‘हो, आता चालतंय’ म्हटलं की मगच. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच तिकीट बंद करू दिलं, तर डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं आणि ॲप बंदच राहतं. ‘वरिष्ठांना कळवू’ हे असं परस्पर बंद केलेलं तिकीट आहे. आणि ते इतक्या गोडीने बंद केलेलं असतं की पुन्हा उघडणारा माणूसच उद्धट दिसतो.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, ह्या असमतोलावर बोट ठेवलंय. वादात संयम पाळावा ही मागणी दोन्ही बाजूंना सारखी लावली तर ठीक. पण प्रत्यक्षात ती कमजोर बाजूलाच लावली जाते, असं तो म्हणतो. प्रस्थापित बाजूने अपशब्द वापरले तर त्याला प्रामाणिक संताप म्हणतात. दुबळ्या बाजूने वापरले तर गैरवर्तन. म्हणून दुबळ्यांना ऐकून घेतलं जावं यासाठी शब्द तोलून-मापून वापरावे लागतात, आणि जरा तोल गेला की मुद्दा हातचा जातो.

मिल वाचून घडलेला एक माणूस अकोल्यात शिकलेला आहे. गोपाळ गणेश आगरकर गरिबीमुळे शाळेसाठी अकोल्याला आले आणि तिथूनच मॅट्रिक झाले. पुढे १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांची भाषा कडक होती, तिच्याबद्दल तेव्हाही तक्रारी होत्या. पण आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा कोणी काढली? ज्यांना त्यांची भाषा सभ्य वाटत नव्हती, त्यांच्याच बाजूच्या लोकांनी. मिलचा मुद्दा इतक्या ठसठशीतपणे पुण्याच्या रस्त्यावर दिसेल असं त्यालाही वाटलं नसेल.

मग आरडाओरडा चांगलाच का?

नाही. आणि याचंही उदाहरण आरोग्याच्याच सभांतून मिळतं.

ऑगस्ट २००९. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य विधेयकावर खासदारांनी आपापल्या मतदारसंघांत सभा घेतल्या. त्यांना तिकडे टाउन हॉल म्हणतात. कित्येक ठिकाणी त्या सभा आरडाओरड्यात बुडाल्या. विधेयकात एक कलम होतं : आयुष्याच्या शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत याबद्दल डॉक्टरशी ज्याला बोलायचं असेल, त्या सल्ल्याची फी विम्यातून मिळावी. सारा पेलिन यांनी याच सुमारास फेसबुकवर ‘डेथ पॅनेल’ हा शब्द वापरला : सरकारी बाबू ठरवणार की म्हातारी माणसं जगण्याच्या लायकीची आहेत का. कलमात असं काही नव्हतं. पण शब्द चिकटला, आणि शेवटी ते कलम वगळलं गेलं. सप्टेंबरमध्ये तर संसदेत ओबामांचं भाषण चालू असताना एक खासदार ‘खोटं बोलताय!’ असं ओरडला.

त्या सभांमध्येही खरा राग होता. विम्याचं काय होणार, आईच्या औषधांचं काय होणार, ही भीती असलेली माणसं तिथे आली होती. त्यांना प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. पण काही सभांत ओरडण्याचा हेतू वेगळाच होता : समोरच्याचं बोलणं कोणालाच ऐकू येऊ नये. मागच्या रांगेतल्या ज्या माणसाला खरंच काही जाणून घ्यायचं होतं, त्याचीही सभा त्यात गेली.

इथे मला फरक सापडतो. आपलं ऐकलं जावं म्हणून ओरडणं वेगळं, आणि कोणाचंच ऐकू येऊ नये म्हणून ओरडणं वेगळं. दोघांचा आवाज सारखाच मोठा असतो. पण पहिल्याला उत्तर हवं असतं, दुसऱ्याला उत्तराचीच भीती असते. मेळघाटातल्या बाईला ‘गाडी का आली नाही’ याचं उत्तर मिळालं तर ती ऐकून घेईल, पुढचा प्रश्न विचारेल. उत्तर येऊ लागताच जो आणखी मोठ्याने ओरडतो, त्याला सभा नकोच आहे.

आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची कमी नाही. दवाखान्यात एखादा मृत्यू झाला की तासाभरात कॅमेरे घेऊन पोचणारे, टेबलावर हात आपटणारे, केबिनला टाळं ठोकून रील टाकणारे पुढारी आपण पाहतो. पुढच्या आठवड्यात त्यांना त्या मृत्यूचं काय झालं विचारा. तिकीट त्यांनीही बंद केलेलं असतं, फक्त आवाज करून.

राग कोणावर पडतो

आता सगळ्यात अवघड भाग. पीडलेल्याला मोठ्याने बोलायचा हक्क आहे, हे मान्य केलं. पण ते बोलणं कोणावर पडतं?

मेळघाटातली गाडी आली नाही, याची कारणं बरीच असू शकतात. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती. फोनला रेंज नव्हती. ड्रायव्हरचं पद रिकामं होतं. धारणीहून अमरावतीचं डफरीन घाटातून सुमारे दीडशे किलोमीटर. या प्रत्येक कारणामागे कुठेतरी एक निर्णय आहे, आणि तो घेणारा माणूस सहसा मांडवात नसतो. मांडवात असते आशा. तिला पगार नाही, कामामागे मोबदला मिळतो, आणि त्यासाठीही राज्यातल्या आशांना पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलंय. तिच्या शेजारी असते उपकेंद्राची नर्सबाई, तिच्या शेजारी कंत्राटावरचा डॉक्टर. लोकांना दिसणारी व्यवस्था म्हणजे हीच तीन माणसं. राग त्यांच्यावर पडतो.

हे फक्त सभेपुरतं नाही. डॉक्टरांवरचे हल्ले इतके वाढले की महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा केला. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्या दिवसांत अकोल्याच्या सर्वोपचारला आलेल्या माणसाचा त्या भांडणाशी काय संबंध होता? किंमत मात्र अशाच माणसांनी मोजली. आणि आधीच जिथे डॉक्टर टिकत नाहीत, तिथे यायला पुढचा डॉक्टर दहादा विचार करतो.

म्हणून ‘पीडलेल्याने काहीही बोलावं’ हे मला पटत नाही. रागाला दिशा असते. वर जाणारा राग प्रश्न होतो : गाड्या किती मंजूर आहेत, चालू किती आहेत, पद कधीपासून रिकामं आहे? खाली पडणारा राग फक्त अपमान होतो. आशाताईला चार लोकांत रडवून गाडी येत नाही. विचारणाऱ्याची जबाबदारी असेल तर ती इथे आहे. आवाज किती मोठा, यापेक्षा तो कोणाच्या दिशेने आहे याची.

पण याची दुसरी बाजूही लगेच सांगायला हवी. राग खाली का पडतो? कारण वरची खुर्ची रिकामी असते. ज्याच्याकडे उत्तर आहे तो सभेला येत नाही आणि ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला पुढे बसवतो. आपल्या कनिष्ठांना लोकांच्या रागासमोर असं उभं करणं, हीदेखील असभ्यताच आहे. ती करणारा माणूस त्या वेळी दुसऱ्या एखाद्या बैठकीत अत्यंत मृदू आवाजात बोलत असू शकतो.

‘दोष कोणाचा’ विचारायचंच नाही का?

माझ्या क्षेत्रातला एखादा वाचक इथे म्हणेल, यावर उपाय आपल्याकडे आहे. रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिला आम्ही, जरा विचित्रच वाटेल, पोस्टमॉर्टेम म्हणतो. चांगल्या टीममध्ये तिचा नियम असतो : कोणी केलं विचारायचं नाही, कसं झालं विचारायचं. दोष द्यायचा नसल्यामुळे लोक खरं सांगतात, आणि खरं कळल्यामुळे दुरुस्ती होते. आरोग्य खात्यातही माता मृत्यूचं अन्वेषण असतं. त्याच्यामागचा विचारही काहीसा असाच आहे. मग जनसुनवाईही अशीच थंड डोक्याने का घेऊ नये?

कल्पना मोहक आहे. पण ती आमच्या टीममध्ये का चालते ते पाहायला हवं. पहिलं, त्या बैठकीत ज्याचं नुकसान झालं तो ग्राहक बसलेला नसतो. आम्ही सगळे एकाच बाजूचे असतो. दुसरं, आमच्यापैकी कोणाचं मूल गेलेलं नसतं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्ती खरंच होणार याची आम्हाला खात्री असते. कोणाला काम दिलं, कधीपर्यंत, हे लिहिलं जातं आणि पुढच्या आठवड्यात तपासलं जातं. दोष न देण्याचं औदार्य या खात्रीवर उभं असतं. उद्या दुरुस्त्या होईनाशा झाल्या, तर आमच्या बैठकीतही दोन महिन्यांत आवाज चढतील.

मेळघाटातल्या सासूकडे यातलं काही नाही. आधी विश्वास कमवायचा आणि मग थंड डोक्याची अपेक्षा करायची, हा क्रम आहे. आपण तो उलटा लावतो : आधी थंड डोकं दाखवा, मग बघू.

बोली कोणाची

सभा मराठीत चालते. तीही सरकारी मराठीत : ‘संदर्भ सेवा’, ‘अनुषंगाने’, ‘कार्यवाही प्रस्तावित आहे’. मेळघाटात घराघरात बोलली जाते कोरकू. ती मराठीची बोली नाही, तिचं कूळच वेगळं आहे; ती मुंडारी, संताळी यांच्या कुळातली. परक्या भाषेत बोलणारा माणूस आधीच अडखळतो. त्याच्याकडे आदरार्थी क्रियापदांचे बारकावे नसतात, म्हणून तो डॉक्टरला सहज ‘तू’ म्हणून जातो. ऐकणाऱ्याला तो उर्मट वाटतो. आमच्या ‘बे’चं पुण्यात होतं ते हेच, पण पुण्यात पणाला काही लागलेलं नसतं.

यावरचा उपाय कोरकू माणसाला ‘आपण’ शिकवणं हा नाही. मांडवात कोरकू आणि मराठी दोन्ही येणारा माणूस बसवणं, आणि त्याने अधिकाऱ्याचं उत्तरही कोरकूत सांगणं, हा आहे. सभ्यपणासाठी असा साधा खर्च करावा लागतो.

याबाबतीत वऱ्हाडाला दूर जायची गरज नाही. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे भाषण नव्हतंच. ते अस्सल वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. बोलणं खरमरीत, लाज आणणारं. पण आधी गाव झाडून मग ते बोलायला उभे राहायचे. ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं की हा माणूस आपल्याला हिणवत नाही. आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. कडक भाषा आणि असा जिव्हाळा एकाच माणसात राहू शकतो, हे आपल्या प्रदेशाने पाहिलेलं आहे.

दार उघडं असलं तर

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता : आता घटनात्मक मार्ग खुले आहेत, तर रस्त्यावरच्या संघर्षाचे जुने मार्ग सोडायला हवेत. हे वाक्य सभ्यतेच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. पण त्यांनी सोबत हेही म्हटलं होतं की जेव्हा घटनात्मक मार्ग उरलेच नव्हते, तेव्हा त्या जुन्या मार्गांना बरंच समर्थन होतं. म्हणजे इशारा दोघांना आहे. लोकांना सांगणं आहे की दार उघडं असताना भिंत फोडू नका. आणि सत्तेला सांगणं आहे की मग दार खरंच उघडं ठेवा.

दार कागदावर उघडं आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेला गणपूर्ती लागते : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. पण गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-पंधरा जणांत, अगदी शिस्तीत, सगळे ठराव मंजूर होतात. कोणीच ओरडत नाही, कारण ओरडणारे घरी असतात. सगळ्यात सभ्य दिसणारी सभा अशी असू शकते.

आपल्या पिढीने याकडे पाठ फिरवलीय, आणि त्याला कारणं आहेत. सभेत वेळ जातो, काही होत नाही. त्यापेक्षा फोनवर दोन ओळी खरडल्या की मोकळं वाटतं. पण तिथे तर उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नसते. अधिकारी मांडवातून निदान उठून जाताना दिसतो. फोनवर तो मुळात बसलेलाच नसतो. त्यामुळे तिथला राग वरही जात नाही आणि खालीही पडत नाही, नुसता फिरत राहतो.

म्हणून मला वाटतं, सभेत ‘नीट बोला’ म्हणायचा हक्क कमवावा लागतो. तो ज्याला हवा त्याने तीन गोष्टी आधी करून दाखवाव्यात. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला सभेत आणून बसवावं. मागच्या सभेत काय कबूल केलं होतं आणि त्याचं काय झालं, हे सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखवावं. आणि तक्रार मिटली की नाही, हे तक्रार करणाऱ्यालाच विचारावं. हे तिन्ही झालं आणि तरीही कोणी दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून ओरडत असेल, आशाताईला शिव्या देत असेल, तर त्याला खाली बसवायला मांडवातले लोकच उठतील. त्यासाठी साहेबांना काही म्हणावं लागणार नाही.

आणि हे होत नाही तोवर कोणी बाई आवाज चढवून विचारत असेल, तर तिचा प्रश्न आधी लिहून घ्यावा. आवाजाचं नंतर बघता येईल.